साप्ताहिक हवामान अंदाज आणि गारपिटीची जोखीम

वादळी ढगात बर्फ अनेक रूपांत आढळतो: हलके हिमस्फटिक, ठिसूळ पांढरे कण आणि ५ मि.मी. वा अधिक व्यासाची कठीण गार. तमिळनाडूतील कुंभकोणम या कावेरीकाठच्या भातक्षेत्रावरील ढगांतही तो असतो. तरीही तेथील साप्ताहिक अंदाजात गारांचा उल्लेख क्वचितच येतो. उष्ण प्रदेशात शून्य अंशाची पातळी सुमारे ५ कि.मी. उंचीवर असल्याने बर्फ वाटेतच बहुधा वितळतो.

महाराष्ट्रात उन्हाळ्याच्या तोंडावर ही पातळी तुलनेने खाली असते आणि मधल्या थरातील हवा कोरडी असते; त्यामुळे गार जमिनीपर्यंत टिकते. फेब्रुवारी-मार्च २०१४ च्या गारपिटीने रब्बी पिके व फळबागांची मोठी हानी केली.

कृषी हवामान सल्ला मंगळवारी व शुक्रवारी प्रसिद्ध होतो. गार नेमकी कोणत्या गावात पडेल, हे त्यातून कळत नाही. मात्र ‘मेघगर्जनेसह वादळी वारे’ असा इशारा असल्यास पक्व पीक काढून सुरक्षित ठेवावे आणि कीटकनाशकाची फवारणी पुढे ढकलावी; अन्यथा औषध धुऊन जाते. त्या दिवशी हवामान विभागाचा पुढील तीन तासांचा इशारा पाहावा. गारांच्या जखमांतून डाळिंबात तेल्या रोगाचे जिवाणू शिरतात. म्हणून गारपिटीनंतर बागेची पाहणी लांबवू नये.