पुनर्निर्मितीत मूळ सूर हरवतो काय?

एखादी जुनी कलाकृती नव्या साधनांनी पुन्हा घडवावी, की आहे तशीच जपावी, हा वाद मराठी वाचकाला अपरिचित नाही. पहाटेपर्यंत रंगणारी संगीत नाटके तीन तासांच्या प्रयोगात बसविण्यात आली, पदे गाळली गेली, तेव्हा 'हे ते नाटकच नव्हे' अशी हळहळ जुन्या रसिकांनी व्यक्त केलीच होती. आज तोच वाद अशा एका क्षेत्रात रंगला आहे, ज्याकडे आपल्यातील पुष्कळ सुविद्य मंडळी अद्याप पोरखेळ म्हणूनच पाहतात. ते क्षेत्र व्हिडिओ गेमचे. घरातला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा पडद्यासमोर तासन्‌तास काय करीत असतो, याची चौकशी आपण बहुधा त्याच्या अभ्यासाच्या काळजीपोटी करतो. एखादी दीर्घ कादंबरी वाचावी तशी तो तेथे एक कथा जगत असेल, ही शक्यता आपल्या मनाला शिवतही नाही.

अशा कथाप्रधान खेळांना रोल-प्लेइंग गेम म्हणतात. खेळणारा एका पात्राची भूमिका स्वीकारतो, सोबती जमवितो, गावोगाव हिंडतो, लढतो आणि तीस-चाळीस तासांत एक कथा शेवटास नेतो. या प्रकारातील अभिजात कृती म्हणून ज्याचे नाव जगभर घेतले जाते, तो 'फायनल फँटसी सेव्हन' हा खेळ जपानच्या स्क्वेअर या कंपनीने ३१ जानेवारी १९९७ रोजी सोनीच्या प्लेस्टेशन यंत्रासाठी प्रसिद्ध केला. योशिनोरी कितासे त्याचे दिग्दर्शक, हिरोनोबु साकागुची निर्माते, तेत्सुया नोमुरा यांनी पात्रांची रूपे रेखाटली, काझुशिगे नोजिमा यांनी कथालेखनात हात दिला आणि संगीत नोबुओ उएमात्सु यांचे. साकागुची यांच्या आईच्या निधनानंतर जीवन आणि मृत्यू यांविषयी त्यांच्या मनात जे चिंतन सुरू झाले, ते या कथेत उतरले आहे.

कथा थोडक्यात अशी. मिडगार नावाच्या महानगरात शिनरा ही वीजकंपनीच राज्य करते. नगराभोवतीच्या आठ भट्ट्या पृथ्वीच्या पोटातील प्राणशक्ती शोषून तिची वीज करतात. सुखवस्तू लोक उंचावर उभारलेल्या एका अवाढव्य पोलादी छतावर राहतात. त्या छताखाली, जेथे आकाशच दिसत नाही, तेथे गरिबांच्या वस्त्या. बॅरेट नावाचा एक उग्र पण प्रेमळ माणूस आपल्या मूठभर साथीदारांसह यांतील एक भट्टी उडवून देतो. क्लाउड हा भाडोत्री तरुण सैनिक त्याच्या सोबतीला असतो, आणि क्लाउडची भूमिका आपण करीत असल्यामुळे हा स्फोट खेळाच्या पहिल्या घटकाभरातच आपल्या हातून घडतो. वस्तीत फुले विकणारी एअरिथ ही मुलगी आपल्याला पुढे भेटते.

मूळ खेळातील पात्रे आज पाहिली तर हसू येते. ठोकळ्यांचे हात, बोटांचा पत्ता नाही, चेहऱ्यावर दोन डोळे आणि फार तर एक रेघ. कोणी तोंडाने बोलत नाही. चौकटीत अक्षरे उमटतात आणि ती आपण आपल्या गतीने वाचावयाची. ही त्या काळच्या यंत्राची मर्यादा होती, यात शंका नाही. परंतु आपल्या कळसूत्री बाहुल्यांचा खेळ ज्यांनी पाहिला असेल त्यांना ठाऊक आहे, की बाहुलीचा चेहरा बदलत नाही म्हणूनच प्रेक्षक तिच्यावर आपल्या मनातील भाव चढवितो. तीच बाहुली एका प्रवेशात हसते आणि दुसऱ्यात रडते. या खेळातही तेच घडत होते. क्लाउडला स्त्रीवेष घालून एका लंपट धनिकाच्या घरात शिरावे लागते, हा सरळसरळ फार्स आहे. आणि त्याच ठोकळेवजा बाहुल्या काही तासांनी अशा शोकाला सामोऱ्या जातात, की जगभरच्या एका पिढीने तो अजून विसरलेला नाही. फार्स आणि शोक एकाच ताटात वाढण्याची सोय त्या ओबडधोबड रूपाने करून दिली होती.

तो शोक म्हणजे एअरिथचा मृत्यू. ती प्रार्थनेला बसलेली असताना सेफिरॉथ हा खलपुरुष वरून उतरतो आणि तलवारीने तिला ठार करतो. लगेच लढाई सुरू होते. पण नेहमीचे लढाईचे संगीत वाजत नाही. एअरिथची मंद सुरावट सुरू झालेली असते, तीच पुढे चालू राहते आणि आपण तिच्या साथीने लढत राहतो. नंतर क्लाउड तिचा देह पाण्यात सोडतो. शब्द जवळजवळ नाहीतच. चित्रपटांतील मृत्यू आधी सूचना देऊन, त्यागाची झालर लावून येतो, प्रत्यक्षातला मृत्यू तसा येत नाही, तो नुसती पोकळी ठेवून जातो, अशा आशयाचे विवेचन कितासे यांनी पुढे केले आहे. जिला आपण इतके तास जपले, तिच्यासाठी जमविलेली आयुधे आता निरुपयोगी झाली, हे खेळणाऱ्याला त्यानंतर कित्येक तास जाणवत राहते. कादंबरीला ही सोय नाही.

आता पुनर्निर्मितीकडे वळू. २००५ साली नव्या यंत्राचे सामर्थ्य दाखविण्यासाठी या खेळाच्या आरंभीच्या दृश्याची एक झलक तयार करण्यात आली आणि तेव्हापासून चाहत्यांनी धोशा लावला. २०१५ मध्ये घोषणा झाली. १० एप्रिल २०२० रोजी पहिला भाग आला, २९ फेब्रुवारी २०२४ रोजी दुसरा. एकूण भाग तीन ठरले. पहिला भाग केवळ मिडगार नगरापुरता आहे. मुळात जो मजकूर पाच-सात तासांत संपत असे, त्याला येथे तीस-चाळीस तास लागतात. आम्ही आमची नाटके कापली. त्यांनी आपली कथा ताणली. आणि हे करणारे कोणी परके नव्हेत. साकागुची यात नसले तरी नोमुरा दिग्दर्शक, कितासे निर्माते, नोजिमा लेखक. तेव्हा 'मूळ कृतीचे मर्म न समजलेल्यांनी तिची वाट लावली' हा नेहमीचा आक्षेप येथे घेता येत नाही.

या पुनर्निर्मितीवर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांतील काही प्रस्तुत लेखकाला किरकोळ वाटतात. चेहरे फार देखणे झाले, पात्रे बोलू लागली, लढाई जलद झाली, ही कालानुरूप बदलाची लक्षणे होत. जुन्याची ओढ कित्येकदा जुन्या चुकांवरही जडते. १९९७ च्या इंग्रजी आवृत्तीत एअरिथचे नाव 'एअरिस' असे उतरले होते. ते पुढे दुरुस्त झाले, तर ती दुरुस्तीच कानाला खटकते असे म्हणणारे लोक आहेत. त्या भाषांतरातील व्याकरणाच्या घोडचुकांवरही काहींचा जीव आहे! अशा मायेला उत्तर नसते आणि ते देऊही नये.

परंतु एक बदल असा आहे, की जो किरकोळ म्हणून सोडून देता येणार नाही. मूळ खेळात भट्टीचा स्फोट बंडखोरांच्याच बॉम्बने होतो. त्यात निरपराध माणसे मेली असणार, हे आरंभी कोणी फारसे बोलत नाही. पुढे कथा पुष्कळ सरकल्यावर केट सिथ हे पात्र बॅरेटला त्या मेलेल्यांची आठवण करून देते, आणि एरवी सतत गर्जना करणाऱ्या बॅरेटला त्यावर धड उत्तर देता येत नाही. खेळणाऱ्यालाही येत नाही, कारण बॉम्ब त्यानेच लावलेला असतो. नव्या आवृत्तीत मात्र बंडखोरांचा बॉम्ब बेताचाच आहे. शिनराचे अधिकारी स्वतःच्या यंत्रांकरवी भट्टीची राखरांगोळी करवितात आणि आळ बंडखोरांवर व शत्रुराष्ट्रावर टाकतात. राजकीय कारस्थानाची ही कल्पना चतुर आहे, कोणाला ती आजच्या काळाला धरून आहे असेही वाटेल. पण तिने काय केले? तिने आपले हात धुऊन दिले. मूळ कथेचा कडवटपणा ज्या एका बीजात होता, ते बीजच खुडले गेले.

न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. याच नव्या आवृत्तीत स्फोटानंतर आपण उद्ध्वस्त रस्त्यांतून चालत जातो. धुरात हरवलेल्यांना हाका मारणारी माणसे दिसतात, घाबरलेली कुजबूज कानी पडते. मूळ खेळात हे एवढे विस्ताराने नव्हते. जेसी ही बॉम्ब तयार करणारी मुलगी मुळात चार-दोन वाक्यांची धनी होती. येथे आपण तिच्या घरी जातो, भट्टीच्या कामात बाधा होऊन बेशुद्ध पडून राहिलेला तिचा बाप पाहतो, आणि ही पोर या मार्गाला का लागली ते कळते. हा विस्तार मूळ सुराला धरून आहे, किंबहुना त्याने तो सूर अधिक खोल केला आहे. तेव्हा भर घातली म्हणून सूर बिघडला, असे सरसकट म्हणता येत नाही. जेसीच्या बापाची खोली दाखविल्याने कोणाचीच जबाबदारी हलकी होत नाही; शिनराच्या यंत्रांनी ती होते.

आपण करतो आहोत ते मूळ संहितेशी प्रतारणा ठरेल की काय, ही धास्ती निर्मात्यांनाही असावी, असे मानण्यास जागा आहे. कारण त्यांनी ती कथेतच घातली. नव्या खेळात करड्या झग्यांतील काही भुते सतत घोंघावत असतात, आणि कथा मूळ मार्ग सोडू लागली की मध्ये पडून ती रुळावर आणतात. पहिल्या भागाच्या अखेरीस नायक या भुतांनाच पराभूत करतात. याचा अर्थ उघड आहे: यापुढे जुन्याचे बंधन नाही. दुसऱ्या भागाच्या शेवटी त्याची परिणती दिसते. सेफिरॉथची तलवार क्लाउड अडवितो, आणि त्याच क्षणी रक्तही दिसते. सोबती शोक करतात; क्लाउडला मात्र एअरिथ समोर उभी दिसते, तो तिच्याशी बोलतो. ती गेली की राहिली, याचा खल करीत आपण पडदा बंद करतो. कोडे म्हणून हे गुंतवून ठेवणारे आहे. पण जेथे पूर्वी एक पोकळी होती तेथे आता कोडे आहे, आणि कोडे सोडविण्यात गढलेला माणूस शोक करीत नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण 'डिमन्स सोल्स' या खेळाचे. हिदेताका मियाझाकी यांनी दिग्दर्शित केलेला हा खेळ २००९ चा. अमेरिकेतील ब्लूपॉइंट या संस्थेने २०२० मध्ये तो नव्याने केला, तेव्हा वाटा, शत्रू, घटनाक्रम, काहीही हलविले नाही. बदलले ते रंग, पोत आणि संगीत. मूळच्या तुटपुंज्या, विचित्र, काहीशा उजाड स्वरांच्या जागी भरगच्च वाद्यवृंद आणि गायकसमूह आला. अक्षर न्‌ अक्षर राखूनही त्या ओसाड राज्याची अवकळा कमी झाली, अशी तक्रार जाणत्या खेळाडूंनी केली, आणि ती प्रस्तुत लेखकाला रास्त वाटते.

तरीही 'फायनल फँटसी'च्या बाबतीत एक दिलासा आहे. मूळ खेळ नव्या यंत्रांवरही वेगळा विकत मिळत राहिला, त्यामुळे कोणालाही दोन्ही शेजारी ठेवून पाहता येतात. सर्वच कृतींचे नशीब एवढे थोर नसते. अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात उपलब्ध नाहीत, असे व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ मधील पाहणीत आढळले. 'वॉरक्राफ्ट थ्री' हा २००२ चा डावपेचांचा खेळ २०२० मध्ये नव्याने आला, तेव्हा ज्यांच्याकडे जुना खेळ होता त्यांनाही इंटरनेटवर खेळण्यासाठी नवीच आवृत्ती बसवावी लागली. नाटकाची जुनी संहिता ग्रंथालयात निदान धूळ खात तरी पडून असते; येथे कंपनीने मनात आणले तर जुने घर पाडून त्याच जागेवर नवे बांधले जाते. सूर हरवला की नाही, हे ठरविण्यासाठी ताडून पाहायलाच काही उरत नाही.

तिसऱ्या भागापुढचा पेच याहून बिकट आहे. मूळ खेळाचा शेवट पाचशे वर्षांनंतरचा आहे. सिंहासारखा दिसणारा त्या कथेतील एक प्राणी आपल्या दोन पिलांसह एका कड्यावर धावत येतो; खाली वेलींनी आणि झाडांनी गिळलेले मिडगार पसरलेले असते. माणूस कोठेच दिसत नाही. मानवजात वाचली की नाही, हे खेळ सांगत नाही, आणि ज्यांनी तो १९९७ मध्ये संपविला त्यांना ते सांगणारे कोणी नव्हते. २००५ मध्ये 'ॲडव्हेंट चिल्ड्रन' या चित्रपटाने माणसे वाचली असे दाखवून त्या प्रश्नाचे उत्तर देऊनही टाकले. कड्यावरचे ते दृश्य जेमतेम मिनिटभराचे आहे. नव्या रचनेत ते किती लांबते आणि त्या ओसाड नगरात कोणी माणूस दिसतो की नाही, हे पाहावयाचे आहे.