तापणाऱ्या काचेची करामत

दोस्तांनो, परतूर स्टेशनातून सुसाट जाणारी वंदे भारत पाहिलीत का? 2025 च्या ऑगस्टपासून ती नांदेडहून मुंबईला जाते. तिची एक बहीण पार काश्मिरात धावते! 6 जून 2025 ला कटरा ते श्रीनगर मार्गावर तिला हिरवा झेंडा दाखवला. ओळखा पाहू, तिच्यात खास काय आहे?

तापणारी काच!

हो, चालकाच्या समोरची काच विजेवर तापते! काश्मिरात हिवाळ्यात पारा शून्याखाली उतरतो. काचेवर बर्फ साचला, तर चालकाला रूळ दिसणार कसे? म्हणून काचेतच तापण्याची सोय केली आहे. काच कोमट झाली, की बर्फ वितळलाच!

थंड देशांत काही घरांच्या खिडक्याही अशा तापतात. पण त्यात तारा शोधाल, तर एकही दिसणार नाही! काचेवर असतो टिन ऑक्साइडचा थर. टिन म्हणजे आपलं कथिल. पितळेच्या भांड्यांना कल्हई करतात ना, तेच! हा थर तुमच्या केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही पातळ. त्यातून आरपार दिसतं आणि वीजही वाहते! वाहताना विजेला अडथळा होतो, त्यातून उष्णता तयार होते. मला तर या थराचं फार नवल वाटतं. उजेडाला तो खुशाल आत येऊ देतो, पण खोलीतली ऊब बाहेर पळू लागली की तिला माघारी धाडतो!

पण काचेची अर्धी ऊब बाहेरच्या बर्फालाच मिळाली तर? वीज वाया! म्हणून एका खिडकीत दोन-तीन काचा बसवतात, मध्ये फट ठेवून. आजीची गोधडी आठवा. तिच्या पदरांमध्ये हवा अडकते, म्हणून ती उबदार. या फटीतही हवा किंवा आर्गॉन वायू कोंडलेला असतो. त्यातून ऊब सहजासहजी पलीकडे जात नाही. मग तापवायची फक्त आतली काच. बहुतेक ऊब खोलीतच!

तरी वीज लागतेच हं. चांगली दोन-तीन पदरी खिडकी न तापवताही पुष्कळ ऊब राखते. म्हणून गरज असेल तेव्हाच काच तापवणं शहाणपणाचं.

आता तुमचं काम. डिसेंबरात पहाटेच्या एसटीत खिडकीची काच धुरकट झाली, की बोट फिरवून बघा. ओल आतून आहे की बाहेरून? आणि ती आली कुठून? उत्तर आम्हाला नक्की कळवा!