लोभ असावा, पण मोठ्या आवाजात

जपानी भाषेत ‘योरोशिकु’ असा एक रोजचा शब्द आहे. नवी ओळख झाली की म्हणायचा. आपल्या ‘लोभ असावा’च्या जवळचा. तिथली मोटारसायकलवाली पोरं मात्र हा शब्द चार चिनी अक्षरांत लिहीत. उच्चार तोच, पण अक्षरांचे अर्थ रात्र, दव, मृत्यू आणि यातना! मी कविता लिहिणारा माणूस. या पोरांकडे माझं लक्ष गेलं ते गाड्यांमुळे नव्हे, या चार अक्षरांमुळे.

या टोळ्यांना ‘बोसोझोकु’ म्हणतात. म्हणजे बेफाम धावणारी जमात. १९५०च्या दशकात त्यांचे थोरले भाऊ होते, ‘कामिनारी-झोकु’, अर्थात मेघगर्जनेची जमात. सायलेन्सर काढलेल्या गाड्यांच्या गडगडाटावरून पडलेलं हे नाव. १९७०च्या दशकात बोसोझोकु हा शब्द रूढ झाला. उंच हँडल, त्याहून उंच पाठीची सीट, अंगावर लांब डगला आणि त्यावर भरतकामात टोळीचं नाव, कवितेसारख्या ओळी. या डगल्याचं नाव दुसऱ्या महायुद्धातल्या आत्मघातकी पथकांवरून आलेलं. पोलिसांच्या मोजणीत १९८२ साली ही मुलं ४२ हजारांवर होती.

ही मुलं कोण? समाजशास्त्रज्ञ इकुया सातो क्योतोतल्या टोळ्यांमध्ये मिसळले आणि १९९१ साली त्यांचं पुस्तक आलं. ही पोरं उपाशी घरातली नव्हती, असं त्यांना आढळलं. शाळेच्या शर्यतीत मागे पडलेल्यांना चार रात्री नायक व्हायचं होतं. त्या काळी विसाव्या वर्षी कायद्यानं सज्ञान होताच बहुतेक जण टोळी सोडत, नोकरी धरत, लग्न करत. काही मात्र याकुझा गुंडांच्या हाती लागले. मारामाऱ्यांत जीव गेले, वस्त्यांची झोप उडाली, हेही विसरता येत नाही.

सिनेमानं यांना दोन तऱ्हांनी पाहिलं. १९७५ साली तेरुओ इशी यांनी तोएई कंपनीसाठी या टोळ्यांवर थरारपट काढला. त्यात वेग होता, हाणामारी होती. पुढच्याच वर्षी मित्सुओ यानागिमाची यांनी ‘ब्लॅक एम्परर’ या खऱ्या टोळीवर कृष्णधवल माहितीपट केला. त्यात बैठका आहेत, वादावादी आहे, घर आहे, आईबाप आहेत. नायक उरत नाही, मुलगा दिसतो. १९८०चा सोगो इशी यांचा ‘क्रेझी थंडर रोड’ हा तर चित्रपटाच्या विद्यार्थ्याचा पदवीचा प्रकल्प!

जगभर गाजला तो कात्सुहिरो ओतोमो यांचा १९८८चा ‘अकिरा’ हा ॲनिमेशनपट. कानेदाची लाल मोटारसायकल सगळ्यांना आठवते. मला आठवतो तेत्सुओ. प्रत्येक वेळी मित्रानं आपल्याला वाचवावं, याचीच त्याला जखम झालेली. अफाट शक्ती हाती येते तेव्हा तो ती जखमच शहरावर उलटवतो.

२००४ साली कायदा कडक झाला. टोळीनं धोकादायक रीतीनं गाड्या हाकल्या, एवढ्यावर पोलिसांना अटक करता येऊ लागली. संख्या काही हजारांवर आली. बंदोबस्त हवाच होता. पण गोंगाट थांबवणं वेगळं आणि गोंगाट करणाऱ्याचं ऐकणं वेगळं. यानागिमाचींच्या कॅमेऱ्यानं ते दुसरं काम केलं. मृत्यू आणि यातना लिहिणाऱ्या त्या पोरांना म्हणायचं तेवढंच होतं : लोभ असावा.