दुचाकीची वीज : भाग ४ – हॉर्नला रिले कशाला?

गेल्या आठवड्यात अल्टरनेटर देतो किती आणि गाडी खाते किती, याचा जमाखर्च मांडला. आता प्रत्यक्ष तार ओढायची. पहिलं काम म्हणून हॉर्न घेतलाय. कंपनीचा चपटा हॉर्न काढून विंडटोनची जोडी बसवायची हौस दीडशे सीसीवाल्यांना फार, आणि या कामाचा विचका होतो तोही फार.

तो असा. जुन्या हॉर्नच्या दोन तारा काढल्या, नव्या जोडीला खोचल्या, बटण दाबलं. वाजतो, पण घसा बसल्यासारखा. मग दुकानदाराशी हुज्जत. हॉर्न बिचारा धडधाकट असतो. कंपनीचा हॉर्न दोन-अडीच अँपिअर घेतो, ही जोडी मिळून आठ-दहा. एवढा करंट बॅटरीतून किल्लीत, किल्लीतून हँडलच्या बटणात आणि तिथून हॉर्नपर्यंत जायचा. सगळा फेरा धरला तर तीनेक मीटर, आणि तार अर्ध्या चौरस मिलिमीटरची. अशा तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे साधारण ०.०३५ ओहम, म्हणजे तीन मीटरला ०.१. दहा अँपिअरने गुणा. एक व्होल्ट नुसत्या तारेतच जिरला. किल्लीचे आणि बटणाचे पॉइंट जुने असले तर आणखी. शिवाय बटणातले ते इवलेसे पॉइंट दहा अँपिअर तोडायला केलेलेच नसतात. दर वेळी ठिणगी पडते, पॉइंट काळे होत जातात. एक दिवस हॉर्न मुका होतो, नाहीतर पॉइंट चिकटून सिग्नलवर एकसारखा बोंबलत सुटतो.

रिले इथेच कामाला येतो. बटणाने फक्त निरोप द्यायचा, ओझं जाडजूड तारेने परस्पर बॅटरीतून यायचं. रिलेच्या पोटात एक कॉइल असते. तिला जेमतेम ०.१५ अँपिअर पुरतो. ती चुंबक झाली की आतली पट्टी खटकन ओढली जाते आणि मोठा रस्ता जोडला जातो. तो ‘खट्’ आवाज हाताला जाणवतो. हॉर्न वाजत नसेल तर आधी रिलेवर बोट ठेवून तो लागतोय का, ते पाहायचं.

पायांवरचे आकडे जर्मन मानकातून आलेत, त्यामुळे बहुतेक रिलेंवर तेच दिसतील. ३० म्हणजे बॅटरीकडून येणारी तार, ८७ म्हणजे हॉर्नकडे जाणारी, ८५ आणि ८६ कॉइलची दोन टोकं. आता यातली गंमत. काही गाड्यांत बटण हॉर्नला पॉझिटिव्ह देतं, तर काहींत पॉझिटिव्ह हॉर्नवर आधीच हजर असतो आणि बटण फक्त अर्थ जोडतं. आपली गाडी कोणत्या जातीची, हे शोधत वायरिंगचा नकाशा धुंडाळायची गरज नाही. जुन्या हॉर्नच्या दोन्ही तारा सरळ ८५ आणि ८६ ला लावा. कोणती कुठे, याने कॉइलला फरक पडत नाही. अपवाद आतून डायोड असलेल्या रिलेचा. त्याच्या अंगावर डायोडची खूण छापलेली असते आणि तिथे उलटसुलट चालत नाही. पाच पायांच्या रिलेत मधल्या पायावर ‘८७ए’ लिहिलेलं असेल, तर तो पाय मोकळा सोडा. विसाव्याच्या वेळी तो ३० ला जोडलेलाच असतो. तिथे हॉर्न लावलात, तर फ्यूज बसवताक्षणी गल्ली जागी होईल.

फ्यूजबद्दल मात्र मी हट्टी आहे. लोक तो हॉर्नजवळ लावतात, कारण जपायचं ते हॉर्नला असं त्यांना वाटतं. खरं तर फ्यूज तारेला जपतो. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतच्या तारेला कुणीच वाली नसतो. टाकीखाली चासीच्या धारेवर ती काचली आणि तांबं उघडं पडलं, तर नऊ अँपिअर-अवरची छोटी बॅटरीसुद्धा शॉर्टमध्ये शंभर अँपिअरच्या पुढे ओकू शकते. रबर वितळायला मग वेळ लागत नाही, आणि वर पेट्रोलची टाकी आहे. म्हणून फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभराच्या आत. दीड चौरस मिलिमीटरची तार, पंधराचा निळा फ्यूज. तो उडतोय म्हणून वीसचा पिवळा घालणारे महाभाग भेटतात. त्यांनी आधी तार कुठे घासतेय ते बघावं.

काम सुरू करताना बॅटरीचं निगेटिव्ह आधी सोडा, जोडताना शेवटी जोडा. पॉझिटिव्हवरचा दहाचा पाना चुकून चासीला टेकला, तरी मग ठिणगी पडणार नाही. थिंबल पक्कडीने चेपू नका, क्रिम्पिंगचं हत्यार घ्या. नुसत्या सोल्डरवर माझा भरवसा नाही: कथील तारेच्या केसांतून वर चढतं, तेवढा भाग कडक होतो आणि गाडीच्या थरथरीने तार नेमकी तिथेच तुटते. काळी टेप उन्हात चिकट लगदा होते; हीट श्रिंकची नळी बरी. हॉर्नची अर्थ रंगावर स्क्रू मारून घेऊ नका, तीही तार बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत न्या. रिलेचे पाय आणि हॉर्नची तोंडं खाली ठेवा. आंबोलीचा पाऊस वरून येतो तसा चाकावरून उडून खालूनही येतो, पण निदान साचणार तरी नाही. टाय आवळण्याआधी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा.

कायद्याचं म्हणाल, तर एकामागून एक वेगळे सूर काढणारे हॉर्न मोटार वाहन नियमांत बसत नाहीत. दोन्ही एकदम वाजणारी जोडी त्यात मोडत नाही. ती लाल सिग्नलला वाजवायची की नाही, हा प्रश्न वायरिंगचा नाही.

शेवटी मल्टिमीटर. इंजिन चालू ठेवून बटण दाबायचं आणि आधी बॅटरीवर, मग हॉर्नच्या टोकांवर व्होल्ट मोजायचे. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत आला, तर सीट लावून टाका. जास्त आला, तर एखादं थिंबल ढिलं आहे. हात लावून पाहा, बहुधा तेच गरम लागेल.

पुढच्या भागात मोबाइल चार्जर. किल्ली काढून घरी गेलात तरी जो बॅटरी पीत बसतो, तो.