ग्रंथ एक, निवाडे दोन : अमेरिकेतील गुलामगिरी, बायबल आणि राज्यसत्ता

जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा तो त्यांनी अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. निग्रो लोकांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी त्यांनी दाखविलेल्या निःस्वार्थ वृत्तीचा त्या अर्पणपत्रिकेत गौरव आहे. आमच्या विद्यालयातील मुलामुलींना ही अर्पणपत्रिका परिचयाची आहे. परंतु ज्या लढ्याचा तीत उल्लेख आहे, त्या लढ्यात गुलामांचे मालक आणि गुलामांचे कैवारी या दोघांच्याही हाती एकच धर्मग्रंथ होता, ही गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. दोघेही बायबलचीच वचने काढीत, त्याच ईश्वराची प्रार्थना करीत आणि आपलाच पक्ष धर्माला धरून आहे असे सांगत. हा वाद कसा चालला, त्याचा राज्यकारभाराशी कसा संबंध आला आणि आपण त्यापासून काय घ्यावे, हे या लेखात मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे. कोणत्याही धर्माला उणेपणा आणावा, हा यामागील हेतू नाही.

मालकांचा पक्ष

अमेरिकेच्या १८६० च्या जनगणनेत सुमारे साडेएकोणचाळीस लाख माणसांची नोंद गुलाम म्हणून झाली. एवढ्या माणसांची खरेदी-विक्री करणारा समाज स्वतःला धर्मनिष्ठ म्हणवीत होता. रविवारी देवळात जात होता. त्याला आपल्या आचरणासाठी आधार हवा होता आणि तो त्याला बायबलमध्ये सापडला.

पहिला आधार ‘उत्पत्ती’च्या नवव्या अध्यायाचा. तेथे नोहा आपला मुलगा हाम याच्या अपराधाबद्दल हामचा पुत्र कनान याला, तू भावांचा दास होशील, असा शाप देतो. त्या कथेत कातडीच्या रंगाचा उल्लेखही नाही. तरीही आफ्रिकेतील लोक हामचे वंशज आहेत असे गृहीत धरून त्यांचे दास्य ईश्वरानेच ठरविले, असा अर्थ लावण्यात आला. दुसरा आधार ‘लेवीय’च्या पंचविसाव्या अध्यायाचा, भोवतालच्या परराष्ट्रांतून दास विकत घेण्याची मुभा त्यात आहे. तिसरा आधार नव्या करारातला. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात दासांनी धन्याची आज्ञा पाळावी असा उपदेश आहे. आणि फिलेमोनास लिहिलेल्या पत्रात पौल अनेसिम नावाच्या दासाला त्याच्या धन्याकडे परत पाठवितो. शिवाय येशूने गुलामगिरीचा स्पष्ट निषेध कोठेही केलेला नाही, हा मुद्दा मालकपक्षाचे धर्मोपदेशक आवर्जून सांगत.

या पक्षाचे बळ कशात होते, हे नीट पाहिले पाहिजे. ग्रंथ उघडावा, वचनावर बोट ठेवावे आणि ‘हे पाहा, लिहिलेले आहे’ असे म्हणावे, एवढेच त्यांना करावयाचे होते.

विरोधकांचा पक्ष

विरोधकांपाशीही वचने होती. माणूस चोरून विकणाऱ्यास देहदंड द्यावा, असे ‘निर्गम’च्या एकविसाव्या अध्यायात आहे, आणि आफ्रिकेतून आणलेली माणसे पळवूनच आणलेली होती. धन्याकडून पळून आलेल्या दासाला त्याच्या स्वाधीन करू नये, असे ‘अनुवाद’च्या तेविसाव्या अध्यायात आहे. इतरांनी आपल्याशी जसे वागावे असे वाटते तसेच आपण त्यांच्याशी वागावे, हा येशूचा उपदेश तर सर्वांच्या तोंडी होता. पेनसिल्व्हेनियातील जर्मनटाउन येथील काही क्वेकर मंडळींनी १६८८ सालीच याच उपदेशाच्या आधारे गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध नोंदविला. १७७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या क्वेकर सभेने आपल्या सभासदांना गुलाम बाळगण्याची बंदी केली. मेथॉडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी १७७४ मध्ये गुलामांच्या व्यापारावर कठोर टीका करणारी पुस्तिका लिहिली.

तथापि या पक्षाची वाट अवघड होती. सुटे वचन त्यांना पुरत नसे. सर्व माणसे एकाच रक्ताची आहेत, देवापुढे दास आणि स्वतंत्र असा भेद नाही, इस्राएल लोकांची मिसर देशातील दास्यातून सुटका झाली, असे अनेक धागे एकत्र विणून त्यांना ग्रंथाचा एकूण आशय दाखवावा लागे. एक पक्ष अक्षर दाखवीत होता, दुसरा आशय. आणि अक्षर दाखविणे नेहमीच सोपे असते.

परिणामी पंथच दुभंगले. जॉर्जियाचे बिशप जेम्स अँड्र्यू यांच्याकडे गुलाम असल्याच्या प्रश्नावरून १८४४ मध्ये मेथॉडिस्टांत फूट पडली. गुलाम बाळगणाऱ्यास धर्मप्रचारक नेमावे की नाही, या वादातून १८४५ मध्ये दक्षिणेतील बॅप्टिस्टांनी वेगळी संघटना उभारली. याच संघटनेने १९९५ साली, म्हणजे दीडशे वर्षांनी, गुलामगिरीचे समर्थन केल्याबद्दल ठराव करून क्षमा मागितली.

वाचू कोणाला द्यावयाचे?

या वादात ज्यांच्या जिवाचा प्रश्न होता त्या गुलामांना ग्रंथ वाचण्याची मुभाच नव्हती, ही गोष्ट आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. गुलामाला लिहावयास शिकविणे साउथ कॅरोलायनात १७४० सालीच दंडनीय ठरले होते. १८३० नंतर दक्षिणेतील अनेक राज्यांत वाचन शिकविण्यावरही बंदी आली. ग्रंथ ईश्वराचा आहे आणि तो गुलामगिरीला अनुकूल आहे, असा मालकांचा दावा होता. मग तो गुलामाच्या हाती देण्याची त्यांना भीती का वाटावी?

या प्रश्नाचे उत्तर १८०७ साली लंडनमध्ये छापलेल्या एका पुस्तकाने दिले आहे. वेस्ट इंडिज बेटांवरील गुलामांसाठी बायबलमधील निवडक भागांचे ते पुस्तक होते. त्यात जुन्या करारातील सुमारे नऊ-दशांश मजकूर आणि नव्या करारातील जवळजवळ निम्मा मजकूर गाळलेला होता. दासांनी आज्ञाधारक असावे हा उपदेश राहिला. मिसर देशातील दास्यातून झालेल्या सुटकेची कथा गेली. संपूर्ण ग्रंथ वाचला तर गुलाम काय वाचेल, हे ती कात्री चालविणारांना पुरते ठाऊक होते.

फ्रेडरिक डग्लस हे मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मले. बाल्टिमोरच्या घरातील मालकीणबाई त्यांना अक्षरे शिकवू लागल्या, तेव्हा शिकलेला गुलाम गुलाम राहत नाही असे सांगून मालकाने ते शिक्षण बंद पाडले. डग्लस यांनी त्याच बोलण्यातून सुटकेचा मार्ग ओळखला. रस्त्यावरील गोऱ्या मुलांना भाकरीचे तुकडे देऊन त्यांनी त्यांच्याकडून वाचन शिकून घेतले. पुढे मुक्त होऊन १८४५ मध्ये त्यांनी आत्मचरित्र लिहिले. येशूचा धर्म आणि आपल्या देशातील मालकांचा धर्म या दोहोंत त्यांनी त्याच्या शेवटी स्पष्ट भेद केला. ज्यांच्या पूर्वजांना वेदाक्षर ऐकण्याचीही मनाई होती, त्यांच्या मुलांना हा प्रसंग वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

राज्यसत्तेच्या दारात

धर्मवाद देवळातच राहिला असता तर त्याची हानी मर्यादित राहिली असती. तो कायद्यात उतरला. ख्रिस्ती माणसाने ख्रिस्ती माणसाला दास ठेवू नये, अशी एक समजूत होती. त्यामुळे गुलामाने बाप्तिस्मा घेतला तर तो मुक्त होईल, अशी भीती मालकांना वाटे. व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने १६६७ मध्ये कायदा करून ती भीती घालविली : बाप्तिस्म्याने आत्म्याचे काहीही होवो, शरीराचे दास्य कायम राहील. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात, धन्याने मुक्त केले तरी शूद्र दास्यातून सुटत नाही, असा दंडक आहे. दोन खंडांतील हे दोन नियम शेजारी ठेवून पाहिले म्हणजे धर्माच्या नावाने केलेल्या कायद्याचे खरे प्रयोजन दिसते.

१८२२ मध्ये चार्ल्सटन येथे डेन्मार्क व्हेसी यांचा उठावाचा बेत उघडकीस आला आणि पस्तीस जणांना फाशी देण्यात आली. त्यानंतर साउथ कॅरोलायनातील बॅप्टिस्टांच्या वतीने रिचर्ड फरमन यांनी राज्याच्या गव्हर्नरांना निवेदन दिले. गुलाम बाळगण्याचा हक्क बायबलला मान्य आहे आणि धर्मशिक्षणाने गुलाम अधिक आज्ञाधारक होतात, असे त्याचे सार होते. येथे धर्म राज्यकर्त्याला न्याय सांगण्यासाठी नव्हे, तर धीर देण्यासाठी पुढे आला होता.

संघराज्याच्या मूळ संविधानात ईश्वराचे नाव नाही, ‘गुलाम’ हा शब्दही नाही. परंतु पळालेल्या गुलामाला परत देण्याचे आणि प्रतिनिधित्वासाठी गुलामांची संख्या तीन-पंचमांश धरण्याचे कलम मात्र त्यात होते. १८५० च्या कायद्याने पळालेल्या गुलामाला आसरा देणाऱ्यास एक हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद ठरविली. त्याच वर्षी सिनेटर विल्यम सीवर्ड यांनी संविधानाहूनही श्रेष्ठ असा एक नियम आहे, असे सभागृहात सांगितले. म्हणजे धर्मबुद्धीचा आधार घेऊन कायद्याला विरोधही झाला.

१८६०-६१ मध्ये दक्षिणेतील राज्ये फुटून निघाली. त्यांनी आपल्या नव्या संविधानाच्या उद्देशिकेत सर्वशक्तिमान ईश्वराची कृपा मागितली आणि त्याच संविधानात गुलामांवरील मालकी हक्काला संरक्षण दिले. त्यांचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी सव्हाना येथील भाषणात, गोरा आणि काळा समान नाहीत या तत्त्वावर आपले राज्य उभे आहे, असे सांगून त्याला सृष्टिकर्त्याच्या नियमाचा आधार दिला. उलट उत्तरेत, संविधानात ईश्वराचे नाव घालावे अशी मागणी घेऊन १८६४ मध्ये काही मंडळी अध्यक्ष लिंकन यांना भेटली. त्यांच्यात गुलामगिरीचे कडवे विरोधक होते. ती मागणी मान्य झाली नाही. ईश्वराचे नाव उद्देशिकेत असले काय आणि नसले काय, त्यावरून राज्य न्यायाचे की अन्यायाचे हे ठरत नाही, असेच यावरून दिसते. ४ मार्च १८६५ च्या भाषणात लिंकन यांनीही, दोन्ही पक्ष एकच बायबल वाचतात याकडे देशाचे लक्ष वेधले.

अखेर डिसेंबर १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी रद्द झाली. गुन्ह्याच्या शिक्षेचा अपवाद मात्र तीत राहिला. आमच्या मते या इतिहासाचे मर्म येथे आहे. संविधान हाही एक ग्रंथच. त्याचेही दोन अर्थ लावले गेले, त्यातही अन्याय लिहिलेला होता. परंतु त्यात दुरुस्तीचे कलम होते. जिवंत माणसांना आपल्या ग्रंथातील चूक सुधारण्याचा हक्क असणे, हा संविधान आणि अपौरुषेय मानलेला धर्मग्रंथ यांतील मूलभूत भेद होय.

आपल्याकडे पाहताना

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या निबंधात, शास्त्रवचनांचे सोयीचे अर्थ काढीत बसण्यात हशील नाही, शास्त्रांचे प्रामाण्यच नाकारले पाहिजे, असे सांगितले आणि त्यासाठी बुद्ध आणि नानक यांचा दाखला दिला. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी संविधान सभेत उद्देशिकेचा आरंभ ईश्वराच्या नावाने करण्याची सूचना ४१ विरुद्ध ६८ मतांनी फेटाळली गेली. त्याच संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता आणि तेविसाव्याने माणसांचा व्यापार व वेठबिगार यांना बंदी केली.

बौद्ध म्हणून आम्ही येथे थांबून स्वतःलाही तपासले पाहिजे. भगवान बुद्धांनी उपासकाला वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत माणसांचा व्यापार आहे. आश्वलायनाशी बोलताना, यवन आणि कंबोज देशांत आर्य व दास असे दोनच वर्ण असून आर्याचा दास आणि दासाचा आर्य होऊ शकतो, हे दाखवून त्यांनी जन्मसिद्ध उच्चनीचता खोडून काढली. हे खरे, पण दासाला संघात प्रव्रज्या देऊ नये हा नियमही विनयपिटकात आहे, आणि ब्रह्मदेशातील पगानच्या शिलालेखांत विहारांना दान दिलेल्या दासांच्या नोंदी आहेत. सयाममध्ये गुलामगिरीचा शेवट करणारा कायदा १९०५ साली आला. केवळ आपला ग्रंथ चांगला आहे एवढ्याने समाज निर्दोष होत नाही.

म्हणूनच कालामांना दिलेला उपदेश आम्ही विद्यार्थ्यांपुढे पुन्हा पुन्हा ठेवतो. एखादी गोष्ट पिटकात आहे, परंपरेने आली आहे किंवा गुरूने सांगितली आहे, एवढ्यावर ती स्वीकारू नका. तिच्यामुळे हित होते की अहित, हे स्वतः पडताळा. अमेरिकेतील तो वाद अशा कसोटीला लावला असता तर एका दिवसात मिटला असता. तो मिटण्यापूर्वी युद्धात सहा लाखांहून अधिक माणसे मेली. या विद्यालयातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलामुलीपुढे उद्या कोणी ग्रंथ उघडून एका ओळीवर बोट ठेवील. तेव्हा त्यांनी ग्रंथ आपल्या हाती मागून घ्यावा, मागची-पुढची पाने वाचावीत आणि त्या ओळीचा भार कोणाच्या पाठीवर पडतो, हे आधी विचारावे.