कुंग फू म्हणजे फक्त ब्रूस ली नव्हे!

खाणावळीत एक तलवारबाज एकटाच निवांत बसलाय, भोवती गुंडांचा वेढा. हा तलवारबाज म्हणजे पुरुषी वेशातली चेंग पेई-पेई. चित्रपट 'कम ड्रिंक विथ मी', साल 1966, दिग्दर्शक किंग हू. पेई-पेई बॅले शिकलेली होती आणि ते तिच्या हाणामारीत दिसतं. आधी संपूर्ण स्तब्धता, मग एकच गिरकी आणि पुन्हा स्तब्धता. हा प्रसंग मी कितीही वेळा बघू शकतो. हीच पेई-पेई 2000 साली 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन'मध्ये जेड फॉक्स झाली.

ब्रूस लीच्या 'एंटर द ड्रॅगन' (1973) मध्येही त्याच्याशिवाय कराटेपटू जिम केली आहे. केलीने साकारलेल्या विल्यम्सला अमेरिकेत दोन गोरे पोलीस विनाकारण अडवतात. तो त्यांना लोळवतो आणि त्यांचीच गाडी घेऊन पसार होतो. पुढे हाँगकाँगमध्ये होडीतून जाताना पाण्यावरची गरिबांची वस्ती बघून त्याला आपल्याकडच्या वस्त्या आठवतात. हाणामारीच्या सिनेमात एवढं नेमकं भाष्य! पण पटकथेने त्याला मध्येच मारून टाकलं, याचा राग अजून जात नाही. अँजेला माओसारख्या तगड्या नायिकेलाही इथे छोटीशीच भूमिका मिळाली. केलीला मात्र पुढच्याच वर्षी 'ब्लॅक बेल्ट जोन्स'मध्ये थेट नायकाची भूमिका मिळाली.

दिग्दर्शक चांग चेहचा 'क्रिपल्ड अव्हेंजर्स'ही (1978) बघाच. नाव आज खटकतं, पण त्यातला आंधळा नायक आणि बहिरा-मुका नायक जोडीने लढतात तेव्हा डोळ्यांचं पारणं फिटतं.