‘दाभोसा’त अक्षरे किती?

संगणकाची मराठी : भाग ९

पहिलीतल्या मुलाला विचारा, ‘दाभोसा’त अक्षरे किती? दा, भो, सा. तीन. पीएचपी या संगणकभाषेकडे मात्र या प्रश्नाची तीन उत्तरे आहेत. साधे ‘स्ट्रलेन’ वापरले तर १८, ‘एमबी_स्ट्रलेन’ वापरले तर ६ आणि ‘ग्राफीम_स्ट्रलेन’ वापरले तर ३.

गेल्या भागात यूटीएफ-८ समजून घेतले होते, म्हणून १८ चे कोडे तुम्हाला पडणार नाही. द, काना, भ, ओकार, स, काना ही सहा चिन्हे आणि प्रत्येकाचे तीन बाइट. पहिले फंक्शन बाइट मोजते, दुसरे चिन्हे मोजते आणि तिसरे आपण ज्याला अक्षर म्हणतो ते मोजते. गंमत अशी की मोखाडा आणि जव्हार यांचेही बाइट १८ आणि चिन्हे ६ च. जव्हारचे अक्षरांचे उत्तर मात्र जरा वेगळे येते, त्याकडे नंतर वळू.

हा नुसता शब्दखेळ नाही. ओळखीचा एक तरुण जव्हार-मोखाड्याच्या पर्यटनाचे संकेतस्थळ करत होता. लेंडी नदीवरचा सुमारे ३०० फुटांचा दाभोसा धबधबा अर्थातच पहिल्या चौकटीत. मोबाइलवर चौकटी अरुंद, म्हणून नावे कापून पुढे तीन टिंबे द्यायची होती. बाइट मोजून कापल्यावर नावाच्या शेवटी काळा चौकोन आणि प्रश्नचिन्ह येऊ लागले. मी शहाणपणा केला आणि त्याला ‘एमबी_सबस्ट्र’ वापरायला सांगितले. काळे चौकोन गेले, पण धबधब्याचे नाव ‘दाभोस…’ झाले आणि जव्हारचे ‘जव्…’. शेवटचा काना तोडला गेला होता, आणि जव्हारच्या ‘व’ला हलन्त लटकत राहिला होता. जुळारी शिशाचे खिळे जुळवत होते त्या काळातही असले काही छापून आले नसते. सल्ला माझाच होता, तेव्हा तक्रार करायला जागाच नव्हती.

आता थोडा इतिहास. रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९५ साली पीएचपी लोकांपुढे आणली, तेव्हा तिच्या लेखी मजकूर म्हणजे बाइटांची माळ होती. पुढे सगळी भाषाच युनिकोडवर उभी करायचे ठरले आणि त्या आवृत्तीला पीएचपी ६ असे नाव मिळाले. पाच-एक वर्षे खटपट झाली, काम आवाक्याबाहेर गेले आणि २०१० मध्ये बेत सोडून द्यावा लागला. म्हणून ५ नंतर थेट ७ आली. मजकूर आजही बाइटांचीच माळ आहे. चिन्हांची आणि अक्षरांची समज वरून जोडलेल्या विस्तारांत असते.

त्यातला ‘एमबी’ हा विस्तार जपानी मंडळींनी लिहिला. त्यांच्याकडे एकाच लिपीसाठी तीन-तीन संकेतपद्धती होत्या आणि एकीतला मजकूर दुसरीत उघडला की नुसता कचरा दिसे. या प्रकाराला त्यांच्या भाषेत ‘मोजिबाके’ असा खास शब्दच आहे. आपल्याकडेही तेच दुखणे होते. या कार्यालयातली फाइल त्या कार्यालयात उघडली की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायची. जपान्यांनी ते दुखणे थेट भाषेच्या गाभ्यापर्यंत नेले. आपण फॉन्टचे पाकीट विकत घेतले आणि वर फॉन्ट बदलणारे एक सॉफ्टवेअर घेतले. हे खोचक वाटेल, पण मला तरी फरक तिथेच पडलेला दिसतो.

नवी सोय मागायची तर पीएचपीत त्याची रीत ठरलेली आहे. ‘आरएफसी’ नावाचा प्रस्ताव लिहायचा. त्यात अडचण काय, नवे फंक्शन काय करील, जुन्या संकेतस्थळांचे काही मोडेल का, हे सगळे मांडायचे. किमान दोन आठवडे जाहीर चर्चा होते, मग मतदान, आणि दोन तृतीयांश मते पडली तरच सोय भाषेत येते. मत द्यायचा हक्क प्रामुख्याने भाषेसाठी काम केलेल्यांना असतो, पण प्रस्ताव कोणीही लिहावा. या वाटेने आलेल्या गोष्टी पाहा. एका मजकुरात दुसरा आहे का, हे सरळ सांगणारे ‘स्ट्र_कंटेन्स’ यायला २०२० उजाडले. ठरावीक रुंदीपर्यंत मजकूर भरणारे ‘एमबी_स्ट्र_पॅड’ २०२३ चे. आपल्या दृष्टीने मोलाचे ‘ग्राफीम_स्ट्र_स्प्लिट’, म्हणजे शब्दाची अक्षरे सुटी करून देणारे फंक्शन, नोव्हेंबर २०२४ मध्ये ८.४ या आवृत्तीत आले. पहिले अक्षर मोठे करणारे ‘एमबी_यूसीफर्स्ट’ही तेव्हाच आले. देवनागरीला मोठी-लहान लिपीच नाही, तेव्हा ते ज्यांना हवे त्यांना लखलाभ.

जावास्क्रिप्टमध्ये हीच गोष्ट ‘इंटल.सेगमेंटर’ करतो. क्रोममध्ये तो २०२० च्या शेवटी आला, फायरफॉक्सने मात्र एप्रिल २०२४ पर्यंत थांबायला लावले.

आता जव्हार. ज, व्हा, र अशी आपण तीन अक्षरे मोजतो. ‘ग्राफीम’वाली फंक्शने बरीच वर्षे चार मोजत होती: ज, व्, हा, र. दाभोसा आणि मोखाड्यात जोडाक्षर नाही, म्हणून तिथे हा घोळ नव्हता. चूक पीएचपीची नव्हती. पीएचपी ‘आयसीयू’ या ग्रंथालयाला विचारते आणि आयसीयू युनिकोडचा नियम पाळते. त्या नियमात हलन्तापाशी अक्षर तुटत होते. सप्टेंबर २०२३ च्या युनिकोड १५.१ मध्ये नियम बदलला आणि देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतली जोडाक्षरे एकसंध धरली जाऊ लागली. ज्या सर्व्हरवर नवी आयसीयू आहे तिथे जव्हारची अक्षरे तीन, जुनी असेल तिथे चार. म्हणजे ही मागणी घेऊन कोणी पीएचपीच्या दारात वर्षभर बसला असता, तरी रिकाम्या हाताने परतला असता. मागणी योग्य होती, पण दार दुसरे होते.

शोधाचे दुखणे तिसऱ्याच दारचे. पाहुण्याने ‘मोखाडा’ शोधले तर ‘मोखाड्याला एसटी किती वाजता’ हे पान सापडत नाही, कारण सामान्यरूपात ‘डा’चा ‘ड्या’ झाला. ‘जव्हारला’ मात्र बरोबर सापडते. ‘दऱ्या’ शब्दाची तर कमालच आहे. काहीजण तो ऱ या स्वतंत्र चिन्हाने लिहितात, काही र, हलन्त आणि न दिसणारे एक जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, पण संगणकाला एकात पाच चिन्हे दिसतात आणि दुसऱ्यात सहा. युनिकोडचे प्रमाणीकरणही या दोहोंना एक करत नाही आणि पुढेही करणार नाही, कारण जुन्या चिन्हांचे प्रमाणीकरण बदलायचे नाही असे त्यांचे धोरण आहे. माझे मत विचाराल तर विभक्ती आणि सामान्यरूपे भाषेच्या गाभ्यात घाला असे पीएचपीला सांगूच नये. आज मराठीची घातली तर उद्या शंभर भाषा रांगेत उभ्या राहतील. हे काम मराठी जाणणाऱ्यांनी लिहायच्या सुट्या ग्रंथालयाचे.

त्या तरुणाच्या चौकटी आता ‘ग्राफीम_सबस्ट्र’ने कापल्या जातात. हे फंक्शन ५.३ या आवृत्तीपासून, म्हणजे २००९ पासून होते. मलाच ठाऊक नव्हते.

तेव्हा या आठवड्याचा गृहपाठ. आपल्या गावाचे नाव तिन्ही फंक्शनांना द्या. नावात जोडाक्षर असेल तर फारच उत्तम. तिसरे उत्तर बोटांवरच्या मोजणीशी जुळले नाही, तर आधी सर्व्हरवरची आयसीयूची आवृत्ती पाहा. पुढच्या भागात ‘ळ’ : कळवण कसाऱ्याच्या आधी की नंतर?